मदत हवी आहे: होम थिएटरवर संगीत येतं, बोलणं येत नाही

पऱ्हाटीवाला
नमस्कार मंडळी. पांढरकवड्यापासून आत आमचं गाव, जिल्हा यवतमाळ. इथे होम थिएटर उघडून पाहणारा कोणी नाही. टीव्ही दुरुस्तीवाला आहे, त्यानं दारातूनच पाहून "बोर्ड गेला, नवीन घ्या" सांगितलं आणि चहा पिऊन गेला. म्हणून इथे विचारतो आहे.

सामान असं: 43 इंची टीव्ही, फ्री डिशचा बॉक्स आणि 2011 सालचा 5.1 एव्ही रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एक बासचा डबा चालवणारा ॲम्प्लिफायर). मोठ्या भावानं पुण्याला साउंडबार घेतला तेव्हा हा मला दिला. टीव्हीतून रिसीव्हरला एचडीएमआय एआरसी जोडलंय, म्हणजे टीव्हीचा आवाज एचडीएमआय केबलनंच रिसीव्हरला जातो. दिवाळीपर्यंत एकदम झकास चाललं होतं.

आठ-दहा दिवसांपासून भलतंच सुरू झालंय. आवाज येतो, पण माणसांचा येत नाही. बातम्या लावल्या तर मागचं ढॅणढॅण संगीत घर हलवतं आणि निवेदिका नुसती ओठ हलवते. आईच्या मालिकेत सासू डोळे वटारते, विजा कडाडतात, पण ती नेमकं बोलली काय ते कळत नाही. आवाज वाढवला की संगीत अंगावर येतं, माणसं मात्र मुकीच.

करून पाहिलेले उपाय: सगळ्याचे प्लग काढून अर्धा तास ठेवले. एचडीएमआय केबल काढून परत लावली. टीव्ही रीसेट केला (त्यात आईच्या मालिकेचं ॲप उडालं, त्याचं वेगळं ऐकून घेतलं). मोबाईल ऑक्सनं लावला तर गाणी बरोबर वाजतात, गाणाराही स्वच्छ ऐकू येतो.

आणखी एक, कामाचं आहे की नाही माहीत नाही. सध्या त्याच खोलीत कापूस भरलाय, अंदाजे 12 क्विंटल. टीव्हीच्या बाजूच्या भिंतीला छातीइतकी गंजी आहे. लांब धाग्याचा 2025-26 चा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये आणि घरी येणारा व्यापारी त्याच्या बऱ्याच खाली मागतो, म्हणून बाबांनी अडवून ठेवलाय. कापूस आवाज पिऊन घेतो का?

एचडीएमआय_काका
एआरसी हे फार लहरी प्रकरण आहे. टीव्हीवर तीन पोर्ट असले तरी एआरसी लिहिलेलं एकच असतं, केबल त्यातच हवी. शिवाय सीईसी नावाची, टीव्ही आणि रिसीव्हरला एकमेकांशी बोलू देणारी सेटिंग सुरू हवी. प्रत्येक कंपनी तिला आपलं वेगळं नाव देते, सॅमसंगवाले एनीनेट म्हणतात, एलजीवाले सिमलिंक. लाईन जाऊन आली की कधी कधी ती आपोआप बंद होते. एआरसी 2009 मध्ये एचडीएमआय 1.4 बरोबर आलं, तुमचा रिसीव्हर 2011 चा, म्हणजे सुरुवातीच्या पिढीतला. केबल बदलून पाहा.

चाळीस_वॅट
काका, एआरसी तुटलं तर सगळाच आवाज जाईल. इथे संगीत येतंय आणि फक्त बोलणं जातंय, तेव्हा केबलला सोडून द्या.

पऱ्हाटीवाले भाऊ, 5.1 मध्ये बोलणं बहुतेक सगळं मधल्या, म्हणजे टीव्हीखालच्या सेंटर स्पीकरवर असतं. तुम्ही म्हणाल फ्री डिशचा आवाज स्टीरिओ, मग सेंटर कुठून आला? तर रिसीव्हर प्रोलॉजिक मोडवर असेल तर डाव्या-उजव्या दोन्हीकडे जे सारखं आहे ते तो वेचून मध्ये टाकतो. निवेदिकेचा आवाज दोन्हीकडे सारखाच असतो. संगीत पसरलेलं असतं, म्हणून ते बाजूला उरतं. ऑक्सवर तुमचा मोड साधा स्टीरिओ असणार, म्हणून गाणारा ऐकू येतो. रिमोटवर स्टीरिओचं बटण शोधा आणि टीव्हीत डिजिटल ऑडिओ आउट पीसीएम (साधा स्टीरिओ आवाज) करा. बोलणं परत आलं तर सेंटरमध्येच गोम आहे.

कापसाबद्दल: पितो, पण आवाजातली धार कमी करतो. माणसं वेचून पीत नाही.

पऱ्हाटीवाला
आलं! स्टीरिओ दाबल्याबरोबर निवेदिका बोलायला लागली. बाबा म्हणाले झालं, आता हात लावू नको. पण आता आवाज समोरच्या दोनच डब्यांतून येतो. पाच स्पीकर भिंतीला टांगून दोनच वाजवायचे तर बाकीचे आकाशकंदील समजायचे का?

रातकिडा
मी वडशाकडचा. झाडीपट्टीच्या नाटकांना साउंड लावतो, म्हणून हा वेळ जागाच असतो, आता दुसरा अंक सुरू आहे. भाऊ, बोर्डबिर्ड काही नाही. सांगतो तसं कर, घाईनं नको.

आधी रिसीव्हरच्या सेटअप मेनूत टेस्ट टोन लाव. तो एकेका डब्यातून शूऽऽ असा आवाज फिरवतो. सेंटरच्या पाळीला गप बसला तर पुढचं कर. रिसीव्हर बंद. बंद म्हणजे प्लग काढून. आता डाव्या डब्याची वायर सेंटरच्या टर्मिनलला लाव आणि परत टोन फिरव. सेंटरच्या पाळीला डावा डबा वाजला तर रिसीव्हर धडधाकट आहे. मग परत प्लग काढून सेंटरची वायर मागून मोकळी कर आणि तिच्या दोन टोकांना पेन्सिल सेल लाव, नुसता टेकवायचा आणि उचलायचा. सेंटरमधून टक्‌ असा आवाज यायला पाहिजे. नाही आला तर डब्याजवळ जाऊन, वायर काढून, सेल थेट डब्याच्या मागच्या टर्मिनलला टेकव. तिथं टक्‌ आलं तर डबा चांगला, वायर मेली.

दीड व्होल्टनं डब्याला काही होत नाही, पण सेल धरून ठेवू नको. मल्टिमीटर असेल तर आणखी बरं: 8 ओहमचा डबा सहा-सातच्या आसपास दाखवतो, कापलेली वायर काहीच दाखवत नाही.

पऱ्हाटीवाला
दादा, सगळं सांगितलं तसंच निघालं. टोन सेंटरला गप. डावा डबा सेंटरच्या टर्मिनलवर वाजला. वायरीच्या टोकाला सेल टेकवला तर काही नाही, थेट डब्याला टेकवला तर टक्‌. इतका बारीक आवाज, पण मी आईला हाक मारून ऐकवला.

आता खरी पंचाईत. बाकीच्या वायरी एचडीएमआयबरोबर वरून, आड्यावरून नेल्यात. सेंटरची वायर कमी पडली होती, म्हणून मी तिला एक बारीक तुकडा जोडून खालून भिंतीकडेनं नेली. ती भिंत म्हणजे कापसाची भिंत. बाबांना म्हटलं, गंजी दोन हात सरकवू. म्हणाले, "तुह्या डब्ब्यासाठी कापूस हालवू का मी? भाव आला का आपोआपच हालते."

मेनूत सेंटर 'नन' करून ठेवू का तोवर?

चाळीस_वॅट
हो, तोवर तेच करा. सेंटर नाही असं रिसीव्हरला सांगितलं की तो मधला आवाज डाव्या-उजव्यात वाटून देतो आणि प्रोलॉजिक परत लावलं की मागचे स्पीकरही सुरू राहतात. पीसीएम काढून परत ऑटो केलंत तरी चालेल.

रातकिडा
थांब. वायर काऊन मेली ते पाहिलं का? कापसात सरकी असते, सरकीला उंदीर येतात. तुझी वायर उंदरानंच खाल्ली असणार. डब्याची वायर खाल्ली तर बोलणं जातं, एवढंच. पण त्या भिंतीकडेनं घरच्या लाईनची, 230 व्होल्टची काही वायर जाते का? ती मेलेली वायर रिसीव्हरच्या मागून काढूनच ठेव, पण मले ते दुसरं आधी सांग. मंडपात उंदरानं खाल्लेल्या वायरीवर पाय पडून झटका बसलेला माणूस मी पाहिलाय. इथं तर कापूस आहे.

पऱ्हाटीवाला
जाते. फ्रीजचं एक्स्टेन्शन तिथूनच नेलंय.

एचडीएमआय_काका
आत्ताच्या आत्ता प्लग काढा. फ्रीजचं काय व्हायचं ते होऊ द्या.

पऱ्हाटीवाला
काढला. मोबाईलचा टॉर्च भिंत आणि गंजीच्या फटीत घालून, पट्टीनं कापूस दाबून पाहिलं. एक्स्टेन्शनची वरची पांढरी रबर चार बोटं लांब कुरतडलेली आहे, आतली लाल वायर दिसते आणि लाल वायरीवरही दोन दात उमटलेत. तांबं अजून उघडं नाही. भोवती कापूस चिकटलेला.

फोटो काढून बाबांना दाखवला. चष्मा लावून मोठा करून पाहिला. काही बोलले नाहीत, शर्ट काढून खुंटीला अडकवला.

पऱ्हाटीवाला
काल रात्री साडेदहा ते दीड. बाबा, मी, शेजारचे दोघं. अर्धा कापूस पोत्यात भरून पडवीत, अर्धा दुसऱ्या भिंतीला. अंग अजून खाजतंय, दोनदा आंघोळ करूनही जात नाही. कापसाखाली उंदराचं घरटं निघालं, सरकीच्या टरफलांचं, त्यात माझ्या स्पीकरच्या वायरीचे पारदर्शक तुकडे अंथरलेले. वायर नेमकी जोडावरच तोडली होती, जिथे मी नुसती इन्सुलेशन टेप गुंडाळली होती.

एक्स्टेन्शन फेकून दिलं. फ्रीजला दुसऱ्या भिंतीवर बोर्ड घेतोय, वायरमन उद्या येतो म्हणालाय. सेंटरला अखंड वायर आणली, केसिंग पट्टीतून वरून नेली. टेस्ट टोन पाचही डब्यांत फिरला. प्रोलॉजिक परत सुरू केलं.

रातकिडा दादा, काका, चाळीस वॅट, सगळ्यांचे आभार. आज सकाळी बाबांनी स्वतः बातम्या लावल्या. सेंटरमधून निवेदिका स्वच्छ बोलली, कापसाचेच भाव सांगत होती. बाबांनी पूर्ण ऐकले आणि म्हणाले, "आवाज कमी कर."