जिल्हा निवड चाचणीत डावललं, तक्रार कुणाकडे करायची? (उद्या दुपारपर्यंत हवंय)

मनस्विनी_प

नमस्कार. वेळ कमी आहे म्हणून थेट विचारते. जिल्हा बास्केटबॉल संघाची यादी काल रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पडली. आमच्या पोराचं नाव नाही. १२ पैकी ८ जण एकाच क्लबचे, आणि निवड समितीतले एक सर त्याच क्लबचे कोच! शुक्रवारी संघ निघतोय. लेखी तक्रार कुणाच्या नावे करायची? कुणाकडे नमुना असेल तर टाका. "मेहनत करत राहा" असले सल्ले कृपया नकोत.

आडवा_पास

ताई, शालेय स्पर्धा की संघटनेची? दोन्हींची दारं वेगळी. शालेयमध्ये जिल्ह्याचा संघ निवडत नाहीत, जिंकलेली शाळाच पुढे विभागाला जाते. खेळाडू वेचण्याची वेळ येते ती आठही विभागांची राज्य स्पर्धा झाल्यावर. तिथे काही खटकलं तर क्रीडा अधिकाऱ्यांकडे जाता येतं. संघटनेच्या चाचणीबद्दल गेलात तर ते हात वर करतील.

मनस्विनी_प

संघटनेचीच. ते लिहायचं राहिलं.

वऱ्हाडी_ठोसा

मुलगा आहे का मुलगी? वय किती, खेळते कोणत्या जागी, चाचणी किती दिवस चालली, हे तर सांगाच ना. नुसतं "डावललं" म्हणून काय समजणार? आमच्याकडे नागपुरात दर वर्षी यादी लागली का दहा पालक हेच म्हणते. त्यातल्या दोघांचं खरं असते. ते दोघं कोण हे वरून नाही दिसत.

मनस्विनी_प

मुलगी. १३ पूर्ण, नोव्हेंबरची. गार्ड खेळते, म्हणजे बॉल पुढे नेणारी. तीन वर्षं रोज दोन तास सराव. ८ मुली एकाच क्लबच्या, एवढं पुरेसं नाही का?

आडवा_पास

पुरेसं नाही. जिल्ह्यात क्लब किती? बोर्ड असलेली मैदानं किती?

मनस्विनी_प

क्लब तीन. पण नीट मैदान एकाचंच, बाकी दोन शाळांच्या पटांगणात.

आडवा_पास

मग चाचणीला आलेल्या निम्म्याहून जास्त मुली त्याच क्लबच्या असणार. एकूण किती आल्या आणि त्यातल्या त्या क्लबच्या किती, हे आधी मोजा. साठातल्या चाळीस त्यांच्या असतील तर बारात आठ हे सरळ प्रमाण झालं. साठातल्या वीसच असतील तर मग बोला.

खडूस_शिट्टी

आकड्यांनी सुटत नाही हो हे. मी स्वतः चाचण्या घेतल्यात, सांगतो काय होतं ते. साठ मुली, एक मैदान, दीड तास. छातीवर नंबरच्या चिठ्ठ्या, त्या पहिल्या दहा मिनिटांत घामाने गळून पडतात. दोन लेअप (पळत येऊन रिंगजवळून बॉल टाकणं), थोडं ड्रिबल, मग पाच-पाच जणींना आत सोडायचं. एका क्लबच्या चार मुली एकत्र आल्या की पाचवीला बॉल मिळतच नाही, त्या एकमेकींनाच पास देतात. मुद्दाम नव्हे, सवयीने. ती पाचवी बिचारी मैदानभर पळते आणि समितीच्या वहीत तिच्यापुढे काहीच येत नाही. गार्ड असेल तर विचारूच नका, हातात बॉल नसलेल्या गार्डचं काय बघणार? म्हणून मी गट पाडताना क्लब मोडायचो. त्यावरूनही शिव्या खाल्ल्यात.

टोरांटोचा_तात्या

आमच्याकडे स्थानिक कोचला ट्रायआउटला बसूच देत नाहीत. बाहेरचे तीन जण येतात, मुलांच्या अंगात फक्त नंबराचे बनियन, नावं कुणालाच ठाऊक नसतात. हे तिकडेही सहज करता येईल.

वऱ्हाडी_ठोसा

सहज! तात्या, इकडे रिंगला जाळी नाही राहत. बाहेरच्या तिघांचं गाडीभाडं कोण देणार, तुम्ही?

टोरांटोचा_तात्या

पद्धत सांगितली, पैसे मागितले नाहीत.

बारामाही

नोव्हेंबरचा जन्म हा खरा मुद्दा आहे, तो कुणी धरला नाही. गटाची तारीख १ जानेवारीपासून मोजतात. म्हणजे जानेवारीची मुलगी आणि यांची मुलगी एकाच गटात, पण मध्ये दहा महिन्यांचं अंतर. तेराव्या वर्षी दहा महिने म्हणजे कधी कधी चार बोटं उंची. कॅनडात आइस हॉकीवर १९८५ साली रॉजर बार्न्सली यांनी हेच दाखवलं होतं, मोठ्या संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं खच्चून. नंतर बास्केटबॉलसकट अनेक खेळांत तेच दिसलं. कुणी पक्षपात करत नाही, समोर जी मोठी दिसते ती चांगली वाटते. पुढे तिलाच मैदान मिळतं, सामने मिळतात, आणि दोन वर्षांनी ती खरोखरच चांगली होते.

डावं_मनगट

दहा महिन्यांचं काय घेऊन बसलात, इथे दोन-दोन वर्षं लपवतात. "तेरावं" तीन वेळा लागलेली मुलं मी पाहिलीत. माझं मत स्पष्ट आहे, चाचणीला येणाऱ्या प्रत्येकाच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे. टीडब्ल्यू-३ पद्धतीने हाडाचं वय निघतं, क्रिकेटवाले वापरतातच.

बारामाही

हाडाचं वय म्हणजे जन्मतारीख नव्हे. लवकर वाढणारी अस्सल तेरा वर्षांची मुलगी त्यात पंधराची दिसू शकते. तिला बाहेर काढणार?

डावं_मनगट

एखादी जाईल. पण दहा लबाड थांबतील.

खडूस_शिट्टी

"एखादी जाईल" हे तिच्या आईला सांगून बघा.

जुना_नागपाडेकर

बास्केटबॉलचा धागा पाहून राहवलं नाही. आमच्या नागपाड्यात बच्चूखान मैदानात कुणी चाचणी घेत नसे. संध्याकाळी येऊन उभं राहायचं. हरलेला संघ बाहेर, जिंकलेला आत. चांगला असाल तर रात्री नऊपर्यंत खेळाल, नसाल तर पाच मिनिटांत कठड्यावर. समिती नाही, चिठ्ठी नाही, व्हॉट्सअ‍ॅप नाही. माझा धाकटा भाऊ तर शाळेच्या बुटांत...

आडवा_पास

काका, छान आहे, पण बाईंना उद्या दुपारपर्यंत उत्तर हवंय.

कलमबहाद्दर

मनस्विनीताई, जिल्हा संघटना म्हणजे सरकारी कार्यालय नव्हे. अशा संस्था बहुतेक करून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या असतात. घटनेची आणि कार्यकारिणीची नक्कल धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून काढा. घटनेत निवड समितीबद्दल काय लिहिलंय ते पाहून मगच...

वऱ्हाडी_ठोसा

शुक्रवारी संघ निघून ऱ्हायला आणि तुम्ही नक्कल काढता! तोवर त्या पोरीची पोरगी खेळाले लागेल ना.

स्पष्टच_बोलते

राग येईल, तरी विचारते. मुलीला खेळायचंय की तुम्हाला प्रमाणपत्र हवंय? दहावीचे क्रीडागुण, पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, यामुळे निम्मी गर्दी होते. आमच्या इमारतीतल्या एकांनी मुलाला त्यासाठी तलवारबाजीला घातलंय, त्याला तलवारीची भीती वाटते.

मनस्विनी_प

ती आठवीत आहे. नोकरी कुठून आली? यादी पाहिल्यापासून तिनं जेवण धड केलेलं नाही. प्रमाणपत्र घेऊन काय करू?

पॉझिटिव्ह_पराग

ताई, मायकेल जॉर्डनला पण शाळेच्या संघातून हाकललं होतं! तिला सांगा.

खडूस_शिट्टी

हाकललं नव्हतं. १९७८ साली लेनी हायस्कूलमध्ये त्याला मोठ्या संघाऐवजी ज्युनियर संघात ठेवलं. वरच्या संघात त्याच्याच वर्गातला लेरॉय स्मिथ गेला, कारण तो ६ फूट ७ इंच होता आणि संघाला उंची हवी होती. जॉर्डन वर्षभर खालच्या संघात भरपूर सामने खेळला. सांगायचंच तर हे सांगा. संघात नाव नाही म्हणजे सामने नाहीत असं त्याच्या बाबतीत झालं नाही. आपल्याकडे तसंच होतं. यादीत नाव नसलं की वर्षभर घरी बसा. खरा अन्याय तो.

आडवा_पास

मनस्विनीताई, चाचणी किती दिवस होती हे अजून सांगितलं नाहीत. वर विचारलंय.

मनस्विनी_प

दोन दिवस. दुसऱ्या दिवशी तिची घटक चाचणी होती, गणिताची. पण आम्ही सरांना आधी सांगितलं होतं, ते "हो हो" म्हणाले होते.

वऱ्हाडी_ठोसा

घ्या! अर्ध्या चाचणीला पोरगी हजरच नाही, आणि हे इतक्या उत्तरांनंतर कळते.

मनस्विनी_प

सांगितलं होतं म्हटलं ना. लेखी नव्हतं, फोनवर.

खडूस_शिट्टी

वऱ्हाडी, जरा सबुरीनं. "हो हो" म्हणणारे सर मला चांगले ठाऊक आहेत, मीच त्यातला. पहिल्या दिवशी कौशल्यं, दुसऱ्या दिवशी सामने, असंच असतं बहुधा. त्यांनी तेव्हाच "दुसऱ्या दिवशी यायलाच हवं" म्हणायला हवं होतं. ताई, तक्रार नका लिहू, अजून नाही. उद्या सकाळी सचिवांना भेटा, एकट्या नाही, मुलीला घेऊन. तीनच गोष्टी विचारा. निकष लिहिलेले होते का, गुणांची वही पाहायला मिळेल का, आणि राखीव खेळाडूंची यादी आहे का. वही दाखवली तर बोलायला काहीतरी हाती येईल. "वही नाही" म्हणाले तर तेही हाती आलंच. इतर मुलींची नावं अजिबात काढू नका. त्या आठ मुलींनी काही केलेलं नाही, आणि पुढची पाच वर्षं हिला त्यांच्याशीच खेळायचंय.

कलमबहाद्दर

भेटीनंतर त्याच दिवशी दोन ओळींचं पत्र द्या, पोच घ्या. "आज भेटलो, अमुक दाखवलं, अमुक दाखवलं नाही" एवढंच. यंदा उपयोग होईल न होईल, पुढच्या वर्षी निकष लिहिताना ते फाइलमध्ये असेल.

मनस्विनी_प

(दुसऱ्या दिवशी रात्री)

गेले होते, तिला घेऊन. सचिवांनी वही दाखवली, मला अपेक्षा नव्हती. रकाने छान आखलेले, ड्रिबल, पास, शूटिंग, सामना. माझ्या मुलीच्या ओळीत ड्रिबल आणि पासला पाचपैकी चार-चार. सामन्याचा रकाना कोरा. पण कोरा फक्त तिचाच नव्हता. आणखी नऊ मुलींचा कोरा होता आणि त्यातल्या दोघी संघात आहेत. ते विचारलं तर म्हणाले, "त्यांची उंची आहे." पुढे उंचीचा रकाना. तिची १४८.

तिथेच तिला भिंतीला उभं करून मोजायला लावली. १५५ भरली.

आता खरं ते लिहिते. १४८ हा आकडा मीच अर्जात भरला होता, शाळेच्या गेल्या वर्षीच्या आरोग्य कार्डावरून. चाचणीला कुणाचीच उंची मोजली नव्हती, सगळ्यांची अर्जावरूनच उतरवलेली. दोष अर्धा माझा, पण अर्धाच. उंचीवर संघ निवडता आणि टेप आणत नाही?

तिला राखीवमध्ये पहिलं नाव दिलंय. शुक्रवारी जाणार नाही. पत्र दिलं, पोच घेतली, त्यात टेपचंही लिहिलं. येताना स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "आई, सात सेंटीमीटर!" तेव्हापासून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा मारणं चाललंय. पोळ्या दोन खाल्ल्या.

बारामाही

त्या दोघींची जन्मतारीख पाहिलीत का वहीत?

मनस्विनी_प

पाहिली. एक जानेवारी, एक फेब्रुवारी. बोलले नाही काही.

डावं_मनगट

आणि मनगटाचा एक्स-रे?

वऱ्हाडी_ठोसा

ह्याले कोणी तरी एक मशीन घेऊन द्या रे.

स्पष्टच_बोलते

मी जरा जास्तच बोलले होते, मनस्विनी. राखीवमधल्या मुलींना सरावाला बोलावतात का तेवढं विचारून घे.

जुना_नागपाडेकर

वर्षभरात सात सेंटीमीटर वाढली म्हणजे बूट लहान झाले असणार. अंगठ्यापुढे बोटभर जागा आहे का बघा. माझ्या धाकट्या भावाचं नख त्यानेच गेलं होतं.