मदत हवी आहे: जुनी गाडी वार्षिक तपासणीत पास होईल का, हे घेण्याआधी कसे ओळखावे?

मी 14 वर्षे जुनी, 1,60,000 किलोमीटर चाललेली एक पेट्रोल गाडी घेण्याच्या विचारात आहे. मालकांनी मागच्या तीन तपासण्यांचे अहवाल दाखवले. दोनदा ती पहिल्याच खेपेला पास झाली, एकदा मात्र हँडब्रेक एका चाकाला कमी धरत असल्याने नापास झाली होती व तो दुरुस्त केलेला आहे. टायरची नक्षी मी स्वतः मोजली, ती चारही चाकांना 4 मिलिमीटरच्या वर आहे. दिवे, वायपर, सीटबेल्ट ठीक आहेत.

काळजी आहे ती गंजाची. मागच्या डाव्या चाकाजवळ, सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले आहे तिथे, स्क्रू ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहिले तेव्हा रंगाखालून तांबूस पापुद्रे सुटले. पत्रा आरपार गेला नाही, पण ठोकल्यावर आवाज बोदा आला. वरवरचा गंज चालून जातो, भार पेलणाऱ्या जागेचा नाही, एवढे मला माहीत आहे. धुराची मोजणी अजून करून घेतलेली नाही.

पुढची तपासणी 5 महिन्यांनी आहे आणि गाडी लिफ्टवर चढवू द्यायला मालक एकदाच तयार आहेत. इतकी जुनी गाडी ज्यांनी सलग काही वर्षे पास करून घेतली आहे, त्यांनी कृपया सांगावे: त्या एका वेळी मेकॅनिककडून नेमके काय पाहून घ्यावे, आणि अशा जागी वेल्डिंग केले तर ते पुढच्या तपासण्यांनाही टिकते का?