केदारकंठा, जानेवारीअखेर : अंदाजात बर्फ आणि वारा दिसतोय, तयारी काय?

सोंडवाट

नमस्कार मंडळी,
पुण्याहून आम्ही सहा जण जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात उत्तराखंडच्या उत्तरकाशी जिल्ह्यातल्या केदारकंठा शिखराला निघतोय. देहरादून, सांक्री, जुडा का तालाब, बेस कॅम्प, माथा असा नेहमीचाच मार्ग. सह्याद्रीत पावसाळी भटकंती सगळ्यांची भरपूर, बर्फातली कोणाचीच नाही. वाटाड्या आणि स्वयंपाकी सांक्रीचे, तंबू आमचे.

विंडी या हवामानाच्या ॲपवर ट्रेकच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बर्फ दिसतोय. वारा मात्र सांक्रीला ताशी ८ किमीच दाखवतंय. वाटाड्या फोनवर म्हणतो, "कुछ नहीं होगा सर, आ जाओ."

१. वाऱ्याचा हा आकडा खरा धरायचा का?
२. पावसाळी डोम तंबू (दोन काठ्यांचे, बाहेरचं कापड जमिनीपासून वीतभर वर) चालतील का?
३. वरून पोंचो पुरेल का?
४. बर्फ पडला तर माथ्याचा दिवस कसा ठरवायचा?

वातकुक्कुट

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. ८ किमी खरा आहे, पण तो दरीतल्या सांक्रीचा. गाव साधारण १,९५० मीटरवर, माथा ३,८१० वर. विंडीत उजवीकडे उंचीची पट्टी असते, ती ३,००० मी. (हवेचा दाब ७०० एचपीए) आणि ४,२०० मी. (६०० एचपीए) या दोन्हींवर नेऊन बघा. माथा या दोन्हींच्या मध्ये, वरच्या पातळीच्या जास्त जवळ. शिवाय अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलच्या चौकटी मोठ्या असतात, युरोपच्या ईसीएमडब्ल्यूएफची सुमारे ९ किमी, अमेरिकेच्या जीएफएसची त्याहून बरीच मोठी. एवढ्या चौकटीत धारा-घळी सपाट होऊन जातात. उघड्या धारेवरचे झोत त्यात दिसत नाहीत, म्हणून सरासरी वाऱ्याच्या दीडपट झोत गृहीत धरायचा.

तापमानाचा ढोबळ हिशेब : दर हजार मीटरला साडेसहा अंश कमी. सांक्रीला २ अंश असेल तेव्हा माथ्यावर उणे १०. त्यात वारा ताशी २० किमी असला तर उघड्या कातडीला उणे १८ इतकं जाणवतं, ४० ला उणे २१, ६० ला उणे २३. गंमत बघा, ४० वरून ६० ला जाताना गारठा दोनच अंशांनी वाढला. पण वाऱ्याचा धक्का वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे तो सव्वादोनपट झाला. त्यामुळे ४० च्या पुढे खरी अडचण तोल सांभाळण्याची. ताशी ५० ते ६० किमीत वाऱ्याच्या तोंडावर चालणं जड जातं, ६२ च्या पुढे पाऊल पुढे पडणंच मुश्कील. पाठीवर सॅक असेल तर तिचं शीड होतं, ते वेगळंच.

तुम्हाला दिसतोय तो पश्चिमी झंझावात, म्हणजे भटक्यांच्या भाषेतला 'डब्ल्यूडी' (वेस्टर्न डिस्टर्बन्स). भूमध्य समुद्राकडून इराण-अफगाणिस्तानमार्गे येणारी ही प्रणाली डिसेंबर ते मार्च हिमालयात बर्फ टाकते. तिचा क्रम ठरलेला. आधी पश्चिमेकडून पिसांसारखे उंच ढग, कधी चंद्राला खळं. मग दक्षिण-आग्नेयेचा वारा, आणि ढगांमुळे रात्र चक्क उबदार. मंडळी खूश होतात, पण तंबूच्या ताणाच्या दोऱ्या तेव्हाच पुन्हा बघून घ्यायच्या. त्यानंतर दिवस-दोन दिवस बर्फ. शेवटी आभाळ खुलतं आणि वायव्येचा कोरडा, बोचरा वारा सुटतो.

हवामान विभागाच्या देहरादून केंद्राचं उत्तरकाशी जिल्ह्याचं पत्रक रोज वाचा. इशाऱ्याच्या पिवळ्या-नारिंगी रंगाइतकंच 'अमुक मीटरच्या वर बर्फ' हे वाक्य महत्त्वाचं. दोन मॉडेलं तीन दिवस आधी वेळेबाबत जुळली तर वेळ खरी माना. सेंटिमीटरचे आकडे मात्र शेवटपर्यंत हलतात. आणि हे सगळं मोरी-पुरोल्याच्या अलीकडेच डाउनलोड करून ठेवा, पुढे नेटवर्कचा भरवसा नाही.

राहुटी

तंबूबद्दल. ते तंबू जुडा का तालाबला झाडीत एखादी शांत रात्र काढतील. बेस कॅम्पला वारा आणि बर्फ एकत्र आले तर नाही.

हिशेब करा. दोन बाय दोन मीटरच्या तंबूवर ३० सेंमी ताजा बर्फ बसला तर तो १.२ घनमीटर होतो. ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला ५० ते १०० किलो भरतो, म्हणजे छतावर ६० ते १२० किलो. त्यातला काही घसरून जाईल, पण तोच कडेला साठून भिंती आत ढकलतो. दोन बारीक काठ्या त्याला पुरत नाहीत. शिवाय वीतभर मोकळ्या फटीतून वारा पिठासारखा बर्फ आत ढकलतो, तो जाळीतून थेट स्लीपिंग बॅगवर. सांक्रीत चार ऋतूंचे तंबू भाड्याने मिळतात, ते घ्या. चार काठ्या, एकमेकींना छेदणाऱ्या, आणि बाहेरचं कापड जमिनीला टेकणारं असलं पाहिजे.

उभारताना :

आधी जागा पायांनी तुडवून घट्ट करा आणि अर्धा तास तशीच सोडा. तुडवलेला बर्फ तेवढ्यात जुळून कडक होतो. घाई केली तर रात्री अंगाखाली खड्डे पडतात.

नेहमीच्या खुंट्या बर्फात टिकत नाहीत, उभ्या ठोकल्या की झोतासरशी वर येतात. कापडी पिशवीत बर्फ ठासून भरायचा (किंवा हातभर लांबीची काठी घ्यायची), दोरी तिच्या मध्यावर बांधायची आणि ओढीला काटकोनात आडवी दोन वीत खोल पुरून वरून तुडवायची. ताण वीस मिनिटांनी द्यायचा. दोरी काठीला गाठ मारून अडकवू नका, नुसती वळसा घालून दोन्ही टोकं वर आणा. नाहीतर सकाळी गोठलेली गाठ सोडवायला कुदळ लागते.

मोठ्या दगडाच्या लगेच मागे तंबू लावायचा मोह होतो. तिथे वारा लागत नाही हे खरं, पण वाऱ्याने उडवलेला बर्फ नेमका तिथेच साठतो. अरुंद, बुटकी बाजू वायव्येला, दार वाऱ्याकडे पाठ करून. बर्फ चालू असेल तर दर दोन-तीन तासांनी आतून छत झटकायचं आणि बाहेर पडून भिंतींकडचा बर्फ उपसायचा. पाळ्या झोपायच्या आधी लावा, फावडं दाराच्या आत ठेवा. फावडं धातूचं, प्लास्टिकचं नको.

स्टोव्ह तंबूत अजिबात नको. वायुवीजनाच्या खिडक्या बर्फाने बुजतात आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं दुखायला लागलं की लोक उंचीला दोष देऊन झोपून जातात.

कानटोपी

पोंचो नको. सह्याद्रीच्या सरळ पावसात तो ठीक, धारेवर तो फडफडून तोंडावर येतो, पाय दिसत नाहीत आणि वारा खालून शिरतो. टोपी असलेलं विंडप्रूफ-वॉटरप्रूफ जाकीट आणि पँटच हवी. आत अंगालगत सिंथेटिक किंवा मेरिनो, त्यावर फ्लीस. डाउन (पिसांचं) जाकीट थांब्यासाठी, चढताना घातलं तर घामाने भिजून निकामी होतं. सुती बनियन, जीन्स घरीच.

हातमोजे तीन थर : पातळ, फ्लीसचे, वरून बोटं एकत्र असणारे मिटन. मिटनला मनगटाची दोरी शिवून घ्या, कारण काढलेला मोजा झोतासरशी दरीत जातो. गॉगल चारही बाजूंनी बंद असलेला, शिवाय एक जादा. गुडघाभर ताज्या बर्फात मायक्रोस्पाइक्सचा (बुटाखाली चढवायच्या खिळ्यांचा) उपयोग शून्य, उलट खाली बर्फाचे गोळे चिकटतात. ते कडक, तुडवलेल्या वाटेसाठी. ताज्या बर्फात गेटर्स (बुटात बर्फ शिरू नये म्हणून पोटरीवर बांधायची कापडी वेष्टनं) लागतात.

नाक-गालावर पांढरा, बधिर ठिपका दिसला तर चोळायचा नाही. आडोसा घेऊन उबदार तळहात नुसता दाबून धरा. जोड्या लावा आणि दर पंधरा मिनिटांनी एकमेकांचे चेहरे बघा, स्वतःला ते कळत नाही.

सोंडवाट

मनापासून आभार. तंबू आणि पोंचो दोन्ही रद्द.
म्हणजे बर्फ थांबून आभाळ निळं झालं की त्याच पहाटे तीनला माथ्याकडे निघायचं, असं धरू का?

धारकरी

नको, नेमकं तेच नको. बर्फ पडताना कोणीच वर जात नाही, त्यामुळे तो दिवस आपोआप सुरक्षित जातो. माणसं अडकतात त्यानंतरच्या निळ्या सकाळी.

वायव्य वारा धारेच्या एका बाजूचा ताजा बर्फ उचलून दुसऱ्या, आडोशाच्या बाजूला टाकतो. आभाळातून ३० सेंमी पडला असला तरी तिथे एक मीटरही साठू शकतो. तो दाबलेला, एकसंध पाटीसारखा असतो, खालच्या जुन्या थराला नीट चिकटलेला नसतो. उतार ३० ते ४५ अंशांचा असेल तर माणसाच्या वजनाने सगळी पाटी सुटते. बर्फवृष्टीनंतरचे पहिले २४ ते ४८ तास सगळ्यांत वाईट. आणि बर्फ पडताना वारा दक्षिणेचा होता हेही विसरू नका, त्याने उत्तरेकडच्या बाजूही भरलेल्या असतात.

केदारकंठाच्या वाटेवर झाडी आहे तोवर ही काळजी कमी. झाडी संपली की उतार मोजायला सुरुवात करा. फोनमधलं कोन मोजायचं ॲप काठीवर ठेवलं तरी पुरे. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज आला, किंवा बुटापासून तडा पळत गेला, तर तिथूनच आल्या पावली मागे. धारेच्या कडेला बर्फाची पडवी बाहेर झुकलेली असते, वरून ती जमीनच वाटते. कडेपासून चांगलं दहा मीटर आत चाला, फोटोसाठीसुद्धा पुढे नको.

चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संशोधन संस्था (पूर्वीची 'सासे') हिमस्खलनाचा इशारा देते, पाच पायऱ्यांच्या मापावर. उत्तरकाशीसाठी तिसरी पायरी असली तरी नवख्या गटाने बेस कॅम्पच्या वर जाऊ नये, असं माझं मत. वाटाडे कधीकधी दोनला 'नॉर्मल' म्हणतात, ते चालेल. तीनला म्हणाले तर मान डोलवू नका.

पहाटे तीनचा हट्ट सोडा. तो सूर्योदयाच्या फोटोसाठी असतो. झंझावातानंतरची पहाट सगळ्यांत गार, वाट बुजलेली. पाचनंतर निघा, उजाडेपर्यंत झाडी सोडू नका. गुडघाभर बर्फात वेळ दुप्पट लागतो. वाट फोडणारा दर दहा-पंधरा मिनिटांनी बदला. अकराला जिथे असाल तिथून परत. झाडीच्या कडेला पोचल्यावर वरच्या धारेवरून बर्फाची पांढरी शेपूट उडताना दिसली तर माथा त्या दिवशी नाही.

म्हणूनच वेळापत्रकात एक नाही, दोन राखीव दिवस धरा. मोरी-सांक्री रस्ताही बंद पडतो. परतीचं विमान ट्रेक संपल्याच्या दुसऱ्या दिवशीचं असेल, तर माथ्याचा निर्णय ते तिकीटच घेतं.

जून २०२४ मध्ये उत्तराखंडमधल्याच सहस्रतालला बर्फाच्या वादळात कर्नाटकचे नऊ ट्रेकर मरण पावले, तेही उन्हाळ्यात. वारा, ओले कपडे आणि थकवा एकत्र आले की हिवाळाच लागतो असं नाही. कोणी अडखळायला, बरळायला लागला, चेन लावता येईना, की तिथेच थांबून आडोसा, कोरडे कपडे, गोड गरम पाणी. कुडकुडणं थांबलं आणि माणूस सुस्तावला, तर तो बरा झालेला नसतो. त्याला चालवू नका, आडवा करून स्लीपिंग बॅगेत घाला आणि मदत बोलवा.

राहुटी

एक राहिलं. छोटी गॅस डबी नेणार असाल तर लेबल वाचा. नुसत्या ब्यूटेनची डबी शून्याच्या आसपास मान टाकते (उत्कलनबिंदू उणे ०.५), आयसोब्यूटेन-प्रोपेन मिश्रणाची चालते. रात्री डबी, हेडलॅम्पची बॅटरी आणि फोन स्लीपिंग बॅगेत. पाण्याची बाटली उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो, म्हणजे झाकण मोकळं राहतं. नळीच्या पाणपिशव्या नेऊच नका. बर्फ वितळवताना भांड्यात आधी कपभर पाणी घाला, नाहीतर बूड करपतं. लिटरभर पाण्याला दहा लिटर तरी ताजा बर्फ लागतो, तेव्हा इंधनाचा हिशेब स्वयंपाक्याशी सांक्रीतच करा.

सोंडवाट

परतीचं तिकीट दोन दिवस पुढे ढकललं. चार ऋतूंच्या तीन तंबूंसाठी सांक्रीत फोन केलाय. डीजीआरईचं पत्रक निघायच्या आदल्या दिवशी इथेच टाकतो, बघून सांगा.