मोठागावच्या खाडीपुलावर मालगाड्या: कधी जावं, डबे कसे मोजावेत?

प्रश्न (खाडीकाठ): रविवारी ठाण्याहून मुलीला घेऊन डोंबिवली पश्चिमेला, मोठागाव रेतीबंदरावर जायचंय. दिवा–वसई मार्गावरच्या मालगाड्या बघायला किती वाजता पोहोचावं? आणि तिच्या मोजणीत डबे कधी ४५ भरतात, कधी ५८. चुकतंय का काही?

रूळपट्टी: मालगाडीला वेळापत्रक नसतं, दोन तास हाताशी ठेवा. फाटक पडलं की पुलाकडे नजर लावायची. चैत्रात साडेनऊनंतर काठावर उभं राहवत नाही, म्हणून सातलाच पोहोचा. पुलाच्या पूर्वेला थांबलात तर सूर्य पाठीशी राहतो.

वाघिणवाला: मोजणी बरोबर आहे. गाडी लूपमध्ये, म्हणजे दुसऱ्या गाडीला वाट देण्यासाठी बाजूला थांबायच्या रुळावर, मावायला हवी आणि लूपची प्रमाण लांबी ६८६ मीटर. कोळशाची उघडी बॉक्सएन वाघीण (मालडबा) १०.७ मीटरची, म्हणून ५८ लागतात. कंटेनरची बीएलसी वाघीण जास्त लांब, तिथे ४५. वाघिणी कमी-जास्त, पण गाडी सव्वासहाशे मीटरच्या आसपासच. ताशी ४० ने पुढ्यातून जायला जेमतेम मिनिट लागतं, तेव्हा बीएलसी पाच-पाचने मोजा. पाचांचा एक संच असतो. संचाच्या आत वाघिणी सरळ दांड्याने जोडलेल्या, कपलिंग फक्त दोन टोकांना. नऊ संच झाले की गाडी पूर्ण. इंजिन यात धरू नका.

खडखडाट: कानही उघडे ठेवा. लोखंडी गर्डरवर खडी नसते, त्यामुळे आवाज घुमतो. त्यात एकाच वाघिणीखालून ठक-ठक-ठक आलं तर चाक चपटं झालंय. ब्रेक आवळलेला राहून चाक घसरत गेलं की असं होतं. बॉक्सएनचं चाक मीटरभर व्यासाचं, म्हणजे ताशी ४० ला सेकंदाला साडेतीन ठोके. रुळाच्या सांध्याचा आवाज वेगळा, तो प्रत्येक चाकाला येतो. वाघिणीवरचा अकरा आकडी नंबरही वाचायला शिकवा: पहिले दोन प्रकाराचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे (०१ म्हणजे मध्य), पाचवा-सहावा बांधणीचं वर्ष. चालत्या गाडीत यातल्या दोन गोष्टी टिपता आल्या तरी पुष्कळ.

रूळपट्टी: एक राहिलं. फोटोसाठी पुलावर किंवा रुळात उतरू नका. रेल्वे कायद्याच्या कलम १४७ खाली सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. सेल्फीची काठी घरीच ठेवा.

खाडीकाठ: पाच-पाचची युक्ती तिला सांगितली. आता इंजिन का धरायचं नाही यावर वाद चालू आहे.