आईच्या पाटल्या आणि उपवासकाळातला त्याग

प्रश्न (ठाणे पश्चिम):
राखेच्या बुधवारपासून, म्हणजे ईस्टरआधीचा आम्हा ख्रिस्ती लोकांचा उपवासकाळ सुरू झाल्यापासून, मी मासे आणि गोडधोड सोडले आहे. ते फारसे जड गेले नाही. आईच्या चार तोळ्यांच्या पाटल्या मात्र तिच्या मागे माझ्याकडे आहेत. त्या मी घालत नाही आणि मोडतही नाही, पण आठवड्यातून एकदा तरी कपाट उघडून, रुमालाची गाठ सोडून त्या जागेवर आहेत ना हे पाहते, आणि सोन्याचा भाव चढला की मनातल्या मनात हिशेबही करते. त्या भाचीला द्याव्यात असे आई एकदा बोलली होती. ऐकणारी मी एकटीच. आईची आठवण जपणे हाही ऐहिक मोहच का?

उत्तर (ऐरोली):
ताई, बायबलमधल्या मार्कच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातल्या श्रीमंत माणसाने लहानपणापासून देवाच्या आज्ञा पाळल्या होत्या, तरी येशूने त्याच्याकडे प्रेमाने पाहून नेमके तेच मागितले जे त्याला सुटत नव्हते, सारी मालमत्ता गरिबांना देणे, आणि तो खिन्न होऊन निघून गेला. उलट जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धीच मालमत्ता गरिबांना देऊ केली, तरी त्याच्या घरी तारण, म्हणजे उद्धार, आले. म्हणजे त्यागाचे माप सर्वांना सारखे नाही. तुमची मूठ माशांवर कधी घट्ट नव्हतीच; आणि खरे सांगायचे तर आठवणीला सोन्याचा भाव बघावा लागत नाही.

उत्तर (वाशी):
वरील मत पटते, पण घाई नको. इजिप्तमधल्या संत अँथनींनी आईवडिलांच्या पश्चात वारशाची जमीन देऊन टाकली, तेव्हा बहिणीसाठी आधी थोडे राखून ठेवले होते. देवाला अर्पण केले असे सांगून आईबापांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना तर येशूने मार्क ७ मध्ये चांगलेच सुनावले आहे. म्हातारपणी त्या पाटल्यांचाच आधार असेल, तर त्या ठेवणे हा मोह नव्हे.

प्रश्नकर्ती:
पेन्शन आहे, त्यामुळे ती सबब मला नाही. आईचे ते बोलणे मी भावाला आजवर सांगितलेले नाही, हे वर लिहायचे राहिले. खरे तर टाळले. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर (प्रार्थनाविधीनंतर) तो घरी येणार आहे, तेव्हा रुमाल टेबलावर काढून ठेवीन.