धातू बाहेर फेकणारे जीवाणू : ही सफाई म्हणायची का?

काळीमाती :
'धातू खाणारे जीवाणू नद्या साफ करतील' असे फॉरवर्ड हल्ली वरचेवर येतात. मला ते साफ अमान्य आहेत. बेल्जियममधल्या एंगिसच्या जस्त कारखान्यात, गाळ बसवायच्या टाकीत १९७६ साली क्युप्रिॲव्हिडस मेटॅलिड्युरन्स हा जीवाणू सापडला. जस्त, कॅडमियम, कोबाल्ट तिन्ही सोसतो, पण खात काहीच नाही! त्याच्या आवरणात 'सीझेडसी' हा तीन प्रथिनांचा पंप असतो. आत शिरलेले आयन (धातूंचे विद्युतभारित कण) तो आवरणाबाहेर फेकतो. पेशी वाचली, पाणी होतं तसंच.

पाणवठा :
असहमत, तुम्ही अर्धंच सांगितलंत. हा पंप चालतो प्रोटॉनवर : प्रोटॉन आत, धातू बाहेर. त्यामुळे पेशीला लागून असलेलं पाणी अल्कधर्मी होतं. जीवाणूच्या श्वसनातला कार्बन डायऑक्साइड तिथे कार्बोनेट होतो आणि बाहेर टाकलेलं कॅडमियम, जस्त पेशीच्या पृष्ठभागावरच घट्ट बसतं. विरघळलेला धातू घन झाला की गाळून काढता येतो.

काळीमाती :
वाहत्या नदीत कोण गाळणार? पाणी आम्लधर्मी झालं की तेच कार्बोनेट पुन्हा विरघळणार. पाऱ्याची गत तर याहून वाईट. पारा सोसणाऱ्या जीवाणूंतलं मेरटी हे प्रथिन पारा उलट आत ओढतं, मेरए विकर त्याचा मूळ धातू करतं आणि तो वाफ होऊन हवेत जातो. आर्सेनिकचंही तसंच : आर्सेनेट या रूपाचं आधी आर्सेनाइट होतं, म्हणजे जास्त विषारी, आणि मग पंप ते बाहेर सोडतो. याला उपाय कसं म्हणू?

सूक्ष्मदर्शी :
काळीमातींना +१. आणखी एक धोका आहे, त्याबद्दल कोणीच बोलत नाही. या पंपांची जनुकं बऱ्याचदा प्लास्मिडवर (जीवाणूतल्या डीएनएच्या सुट्या छोट्या कड्यावर) असतात, म्हणजे एका जीवाणूकडून दुसऱ्याकडे जातात. डेन्मार्कमध्ये डुकरांच्या खाद्यात तांबं घालत. त्यांच्या आतड्यातल्या एंटरोकॉकस जीवाणूंमध्ये तांब्याचा पंप बनवणारं 'टीसीआरबी' जनुक सापडलं. त्याच प्लास्मिडवर एरिथ्रोमायसिन आणि व्हँकोमायसिन या प्रतिजैविकांना न जुमानणारी जनुकंही होती. तांब्यापासून बचावलेला जीवाणू औषधांनाही दाद देईना! डुकरांना औषध म्हणून झिंक ऑक्साइड (जस्ताचं संयुग) द्यायला युरोपीय संघाने २०२२ पासून बंदी घातली, त्यात ही काळजीही होती. असे जीवाणू उघड्यावर सोडायला माझा ठाम विरोध आहे.

पाणवठा :
उघड्यावर सोडा असं मी म्हटलेलंच नाही. जर्मनीत क्लोर-अल्कली (क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवणाऱ्या) कारखान्याचं सांडपाणी पारा सोसणाऱ्या जीवाणूंच्या बंद टाकीतून नेलं आणि पारा टाकीतच अडवून दाखवला. वाफ हवेत गेली नाही. कारखान्याच्या दारातच हे करायला हवं.

काळीमाती :
बंद टाकी मला मान्य आहे. पण पारा साठलेल्या त्या टाकीतला माल पुढे कुठे आणि कोणाच्या खर्चाने जाणार, हे परवानगी देतानाच लिहून घ्या.