चॅनलने करार वाढवला नाही, म्हणजे काढूनच टाकलं ना? मदत हवी आहे

नमस्कार. एरवी मी इथे वाचनमात्र असते. आज लिहिणं भाग आहे.

मी ११ वर्षं एका वृत्तवाहिनीवर अँकर आहे. वय ४७. त्यातली सहा वर्षं रात्री नऊचं बुलेटिन माझ्याकडे होतं. नवे संपादक आले आणि दोन महिन्यांत मला पहाटे साडेपाचच्या स्लॉटला टाकलं. मग प्रोमोमधून माझा चेहरा गेला. गेल्या आठवड्यात एचआरने बोलावून सांगितलं, "करार संपतोय, पुढे वाढवत नाही. कामाबद्दल तक्रार नाही, चॅनलला फ्रेश लूक हवाय." 'काढतोय' हा शब्द कोणाच्याही तोंडून निघाला नाही. वर्षभरात प्राइम टाइमवरून चौघी गेल्या, चौघीही चाळिशीपुढच्या. माझ्याबरोबर नऊचं बुलेटिन करणारे सहकारी ५८ वर्षांचे आहेत. त्यांचे केस पांढरे होत गेले तसा त्यांचा फोटो मोठा होत गेला. (त्यांच्याशी माझं वाकडं नाही, माणूस भला आहे.)

अडचण अशी की कागदावर मी कर्मचारी नाहीच, 'रिटेनर'वर, म्हणजे दरमहा ठरलेल्या मानधनाच्या करारावर आहे. पण रोस्टर त्यांचं, सुट्टी त्यांना विचारून, आणि बाहेर एखादं सूत्रसंचालन करायचं तरी परवानगी.

रात्री झोप नाही म्हणून जुने खटले वाचतेय. ब्रिटनमधल्या निवेदिका मिरियम ओ'रायली यांचं वाचून धीर आला. बीबीसीचा 'कंट्रीफाइल' हा कार्यक्रम २००९ मध्ये संध्याकाळच्या वेळेवर नेताना त्यांना वगळलं होतं. २०११ मध्ये ट्रायब्युनलने वयावरून भेदभाव झाला हे मान्य केलं, तक्रार केल्यावर डावलल्याचंही मान्य केलं. बाई म्हणून भेदभाव झाला हे मात्र मानलं नाही. मग अमेरिकेतल्या क्रिस्टीन क्राफ्टचं वाचलं आणि पुन्हा पाय गळाले. कॅन्सस सिटीतल्या स्टेशनने १९८१ मध्ये तिला अँकरपदावरून खाली आणलं. ज्यूरीने दोनदा तिच्या बाजूने कौल दिला, तरी १९८५ मध्ये अपिलात सगळं गेलं आणि १९८६ मध्ये सुप्रीम कोर्टाने प्रकरण ऐकायलाच घेतलं नाही. पाच वर्षं!

लागू कायदा कोणता हे वकील सांगतीलच, शोध चालू आहे. मला विचारायचंय ते पुराव्याचं. 'फ्रेश लूक' म्हणजे वय, हे दाखवायचं कसं? आणि फुल अँड फायनलच्या (शेवटच्या हिशेबाच्या) कागदावर सही करू का? शुक्रवारपर्यंत मागितली आहे.

— प्रतिसाद : कलमकसाई

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं. सही करू नका. त्या कागदात बहुधा 'माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही' असं वाक्य असतं. तेवढ्यावर पुढचं सगळं अडू शकतं. वकिलांनी वाचल्याशिवाय पेन उचलायचं नाही.

'रिटेनर' शब्दाला इतकं घाबरू नका. नाव काय दिलंय यापेक्षा काम कसं करून घेतलं हे बहुतेक ठिकाणी तपासलं जातं, म्हणून रोस्टर आणि सुट्टीचे मेल मोलाचे. करारात दिसण्याबद्दल कलम आहे का तेही पाहा. अमेरिकन अभिनेत्री हंटर टायलोला गरोदरपणामुळे 'मेलरोझ प्लेस' मालिकेतून काढलं तेव्हा निर्मात्यांनी रूपात बदल न करण्याचं कलमच पुढे केलं होतं. १९९७ मध्ये ज्यूरीला ते पटलं नाही, भरपाई जवळपास ४९ लाख डॉलर ठरली.

आणि कारण लेखी मागा. बीबीसीच्या निवेदिका समीरा अहमद यांचा खटला समान वेतनाचा होता, पण शिकण्यासारखा आहे. त्यांना एका भागाचे ४४० पौंड, तिथलेच निवेदक जेरेमी व्हाइन यांना त्यांच्या कार्यक्रमाच्या एका भागाचे ३,०००. फरक कशामुळे, हे बीबीसीला पटवून देता आलं नाही आणि जानेवारी २०२० मध्ये निकाल समीरा यांच्या बाजूने लागला. तुमचं चॅनल आज एक कारण लिहील आणि उद्या दुसरं सांगेल, तर तो फरकच तुमच्या कामाचा.

मुदतीचं आजच विचारा. अमेरिकेत अशा तक्रारीला १८० दिवस, काही ठिकाणी ३०० दिवस मिळतात. तुमच्याकडे किती ते ठाऊक हवंच.

— प्रतिसाद : पीसीआरमधला

आउटपुटला (बुलेटिन हवेवर नेणाऱ्या विभागात) १४ वर्षं काढली आहेत, म्हणून एक सांगतो. चॅनलवाले टीआरपी काढणार. आधी पहाटेला बसवायचं, मग म्हणायचं बघा, प्रेक्षकच नाहीत! तुम्हाला नऊवरून हलवलं त्या तारखेच्या आधीच्या आठवड्यांचे आकडे कुठल्या मेलमध्ये आहेत ते आठवा. मात्र ऑफिसचे मेल सरसकट स्वतःच्या आयडीवर पाठवू नका, गोपनीयतेचा भंग म्हणून उलट तुमच्यावरच येतील. तारीख, विषय, कोणी पाठवला, एवढं वहीत उतरवा. मेकअप रूममध्ये कोण काय बोललं, तेव्हा कोण हजर होतं, तेही. आठवणीतले शब्द महिन्याभरात पातळ होतात.

अवांतर: ५८वाले सहकारी साक्ष देतील यावर विसंबू नका. त्यांचाही करार वर्षाचाच असणार.

— धागाकर्ती

दोघांचे आभार. ते शेवटचं वाक्य लागलं, पण खरं आहे. त्यांनी काल माझा फोन उचलला नाही. सही थांबवली आहे, कारण लेखी मागणारा मेल आत्ताच गेला. बाकीच्या तिघींपैकी एकीशी बोलणं झालं, तिलाही एचआरने 'फ्रेश लूक' हेच शब्द सांगितले होते. तिच्याकडे ते व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी आहे. वकिलांकडे सोमवारी दोघी जातोय.